मेल आलाच नाही, मग घंटी कुणी वाजवली?

ईमेलचा प्रोग्रॅम अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवसापासून घंटी वाजायला लागली. कोपऱ्यात चौकट उगवते: १ नवा मेल. उघडून बघावं तर वरचा मेल कालचाच, तोही वाचलेला. दहा मिनिटांनी पुन्हा टिंग, पुन्हा तेच. सुरुवातीला माणूस धावतो, मग चिडतो, आणि आठवड्याभरात घंटीकडे कानाडोळा करायला शिकतो. खरा तोटा तिथून सुरू होतो, कारण ज्या मेलची वाट बघत असतो तो आला तरी मग मान वळत नाही.

मी या भानगडीत दोनदा सापडलो आहे. पहिल्या वेळी खातं काढून पुन्हा जोडलं, प्रोग्रॅम पुसून पुन्हा टाकला, अख्खी संध्याकाळ घालवली, आणि शेवटी कळलं की वाजणारी घंटी त्या प्रोग्रॅमची नव्हतीच. म्हणून दुरुस्तीकडे वळण्याआधी ही घंटी मुळात वाजते कशी, हे नीट बघू. ते कळलं की अर्धे उपाय करावेच लागत नाहीत.

मेल तुमच्या प्रोग्रॅममध्ये थेट येऊन पडत नाही. तो येतो सर्व्हरवर, म्हणजे ईमेल सेवा देणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर. तुमच्या फोनवरचा किंवा लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम तिथली यादी मागवतो, स्वतःजवळच्या यादीशी ताडून बघतो आणि फरक सापडला की घंटी वाजवतो. म्हणजे घंटी हे एका वजाबाकीचं उत्तर आहे. सर्व्हरने दिलेली यादी चुकली, प्रोग्रॅमजवळची यादी चुकली किंवा कशातून काय वजा करायचं यातच गल्लत झाली, तर उत्तर खोटं येतं. अपडेटचा हात सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. तो गडबड करतो ती उरलेल्या दोन जागी.

नवा म्हणजे कोणता नवा?

तीन वेगळ्या गोष्टींसाठी आपण एकच शब्द वापरतो. एक, न वाचलेला मेल. दोन, नुकताच येऊन पडलेला मेल. तीन, या प्रोग्रॅमने आजवर कधीच न पाहिलेला मेल. रोजच्या वापरात एकच मेल या तिन्ही व्याख्यांत बसतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. पण तिन्हींच्या नोंदी एकाच ठिकाणी राहत नाहीत, आणि गोची तिथेच होते.

आज बरीचशी खाती आयमॅप नावाच्या पद्धतीने चालतात. १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ती आखली. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलवर सर्व्हरवरच चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: वाचला, उत्तर दिलं, खूण केली, डिलीट केला, कच्चा मसुदा आहे, अशा. 'वाचला' ही चिठ्ठी सर्व्हरवर असल्यामुळेच फोनवर वाचलेला मेल लॅपटॉपवरही वाचलेला दिसतो.

याशिवाय 'रीसेंट' नावाची एक चमत्कारिक चिठ्ठी होती. ती सर्व्हर स्वतः लावायचा, प्रोग्रॅमला तिला हात लावता यायचा नाही, आणि जो आधी चौकशी करेल त्यालाच ती दिसायची. सकाळी फोनने आधी विचारलं, तर मेल ताजा असल्याची वर्दी फोनला मिळाली. लॅपटॉपसाठी तोच मेल शिळा. २०२१ साली आयमॅपची सुधारित आवृत्ती आली तिच्यातून ही चिठ्ठी काढूनच टाकली आहे. जो प्रोग्रॅम इतकी वर्षं या चिठ्ठीवर विसंबून घंटी वाजवत होता, त्याला आता नव्याची व्याख्या बदलावी लागणार. बदलली की तुमच्याकडे तोच इनबॉक्स, तेच मेल, आणि घंटी मात्र वेगळी.

टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, मेल वाचणारे 'मट' हा प्रोग्रॅम वापरतात. त्यात हा फरक एका स्विचवर ठेवला आहे. 'मेल चेक रीसेंट' चालू असेल तर तुम्ही मेलबॉक्स शेवटचा उघडल्यानंतर जे आलं तेवढ्याचीच वर्दी मिळते. बंद केलं तर तुम्ही नुकतेच आत डोकावून आला असाल तरी, नवा समजला जाणारा एखादा मेल आत पडून आहे म्हणून घंटी वाजते. दोन्ही वागण्यांना चूक म्हणता येत नाही. पण एकाची सवय असलेल्याला दुसरं वागणं म्हणजे बिघाडच वाटतो.

जाता जाता एक गंमत. १९८० च्या सुमाराला बर्कले विद्यापीठातल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेल आल्याची वर्दी देणारी एक कमांड आली. तिचं नाव 'बिफ', आणि ते तिथल्याच एका कुत्र्याचं नाव होतं. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमच्या पोटातल्या सेटिंग्ज उघडून पाहिल्यात तर घंटीच्या नोंदी आजही 'मेल.बिफ' या नावानेच सुरू होतात. तेव्हा आपली तक्रार एवढीच आहे की दारात कोणी नसताना कुत्रा भुंकतोय.

आवक वहीचा हिशेब

प्रोग्रॅम कसा ताडून बघतो यासाठी कार्यालयातली आवक वही डोळ्यांपुढे आणा. आलेल्या प्रत्येक पत्राला चढता क्रमांक. पत्र फाडून टाकलं तरी तो क्रमांक दुसऱ्या पत्राला मिळत नाही. आयमॅप सर्व्हर प्रत्येक फोल्डरसाठी अशीच वही ठेवतो, आणि त्या क्रमांकाला यूआयडी म्हणतात. तुमच्या प्रोग्रॅमने शेवटचा पाहिलेला क्रमांक ४८१७ असेल, तर पुढच्या वेळी तो विचारतो: ४८१७ नंतर काही आलं का? नाही म्हटलं की गप्प बसतो.

आता हा ४८१७ आकडा प्रोग्रॅमच्या लक्षातून गेला तर? मग तो विचारतो: शून्यानंतर काही आलं का? सर्व्हर प्रामाणिकपणे सगळी यादी हातात ठेवतो. शहाणा प्रोग्रॅम त्यातले वाचलेले वगळतो आणि उरलेल्यांसाठी घंटी वाजवतो. म्हणूनच हजारो मेलची घंटी न वाजता वर्षभरापूर्वी न उघडलेली तीन जाहिरातपत्रं पुन्हापुन्हा 'नवी' होऊन येतात. तुमच्याकडे असं होत असेल तर आठवण पुसली गेली असं समजायला हरकत नाही.

वहीलाही एक क्रमांक असतो. सर्व्हरवाल्यांनी सगळा साठा दुसऱ्या यंत्रावर हलवला किंवा जुन्या बॅकअपमधून परत आणला, तर कधीकधी वही नव्याने सुरू होते आणि तिचा क्रमांक बदलतो. याला यूआयडी व्हॅलिडिटी म्हणतात. हा क्रमांक बदललेला दिसला की आधीची सगळी नोंद टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून यादी घ्यायची, असा प्रोग्रॅमला नियमच आहे. इथे दोष ना तुमचा ना अपडेटचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी तसं अपडेट आणि सर्व्हरची हलवाहलव एकाच आठवड्यात झालेली असू शकते. माझा दुसरा प्रसंग हाच होता. मी दोन दिवस प्रोग्रॅमला शिव्या घालत होतो, आणि सेवा देणाऱ्यांनी सर्व्हर बदलल्याची सूचना इनबॉक्समध्येच न वाचता पडली होती.

पॉप ही दुसरी, जुनी पद्धत. तिथे मेल उतरवून घ्यायचा आणि वाटल्यास सर्व्हरवरही प्रत ठेवायची. पॉपला चिठ्ठ्यांचा प्रकारच माहीत नाही. कोणता मेल वाचला, कोणता नाही, याची सर्व्हरला गंधवार्ता नसते. तो प्रत्येक मेलला एक ओळखखूण देतो, १ ते ७० अक्षरांची, आणि कोणकोणत्या खुणांचे मेल उतरवून झाले हे प्रोग्रॅमने स्वतःच लिहून ठेवायचं. थंडरबर्ड हे 'पॉपस्टेट' नावाच्या फाइलमध्ये लिहितो. ही छोटीशी फाइल हरवली किंवा अपडेटच्या गडबडीत नव्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरमध्ये, यायची राहिली, की सर्व्हरवर ठेवलेला प्रत्येक मेल पुन्हा उतरतो, दुसरी प्रत म्हणून आणि न वाचलेला म्हणून. मग नुसती घंटी वाजून भागत नाही. इनबॉक्स दुप्पट होतो.

अपडेटमध्ये काय काय हलतं

आठवण पुसली जाणं हे एक झालं. नव्या आवृत्तीला यादी साठवण्याची पद्धत बदलायची असते, म्हणून ती जुनी सूची मोडून नवी बांधते. पहिल्यांदा उघडल्यावर धडाधड घंट्या वाजून मग शांतता झाली, तर एवढंच घडलं असेल. त्यासाठी काही करू नका. मोठ्या खात्याची सूची बांधून व्हायला वेळ लागतो, आणि मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होऊ शकते.

दुसरं, लक्ष ठेवायच्या फोल्डरांची यादी वाढते. आधी फक्त इनबॉक्सवर नजर होती, आता स्पॅम, सेंट, अर्काइव्ह सगळीकडे. इथे जीमेलवाल्यांची खास पंचाईत होते. जीमेलमध्ये मुळात फोल्डर नसून लेबलं असतात, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमला ती फोल्डर म्हणून दाखवली जातात. परिणाम असा की एकच मेल इनबॉक्समध्ये दिसतो आणि 'ऑल मेल'मध्येही दिसतो. प्रोग्रॅमने दोन्हीकडे पहारा बसवला की एका मेलला दोन घंट्या. तुम्ही स्वतः पाठवलेला मेलही 'ऑल मेल'मध्ये पडतोच. कोणती लेबलं बाहेर दाखवायची हे जीमेलच्या सेटिंगमध्ये प्रत्येक लेबलापुढे खूण करून ठरवता येतं. तिथे 'ऑल मेल' लपवलं तर हा प्रकार थांबतो. किंवा प्रोग्रॅममध्ये त्या फोल्डरची तपासणी बंद करा.

तिसरं, फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या सिस्टिममधलं घंटीचं सेटिंग. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपच्या सूचना वेगवेगळ्या चॅनेलमध्ये विभागलेल्या असतात. ॲपने अपडेटमध्ये नवं चॅनेल काढलं तर जुन्या चॅनेलवर तुम्ही केलेलं 'आवाज बंद' त्याला लागू होत नाही. सिंक चालू आहे, सिंक संपलं, असल्या फालतू सूचनाही मग मेलच्याच आवाजात वाजू शकतात.

आणि चौथं, जे सगळ्यात सोपं असूनही सगळ्यात उशिरा सुचतं: जुना प्रोग्रॅम अजून चालूच आहे. नवी आवृत्ती जुन्याच्या जागी न बसता शेजारी बसते, आणि दोघेही एकाच खात्याची राखण करत बसतात. विंडोजमधल्या मेल ॲपचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस काढून घेतला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. अशा स्थलांतरात एका खात्याला दोन राखणदार राहून जाणं अगदी सहज घडतं. माझी पहिली संध्याकाळ वाया गेली ती अशाच कारणाने, फक्त माझा दुसरा राखणदार ब्राउझरच्या एका विसरलेल्या टॅबमध्ये बसला होता.

आधी घंटीचा माग काढा

म्हणून पहिला प्रश्न: वाजवतंय कोण? सूचनेच्या चौकटीवर प्रोग्रॅमचं नाव किंवा चित्र असतं, ते वाचा. चौकट पटकन जात असेल तर सिस्टिममधली सूचनांची यादी उघडा. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून पुढे सेटिंगमध्ये सूचनांचा इतिहास चालू करून ठेवता येतो. चौकटीवर ब्राउझरचं नाव आणि खाली एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसला, तर मेलशी त्याचा काडीचा संबंध नाही. कधीतरी चुकून 'अलाऊ' दाबलेली ती साइट आहे, आणि 'तुम्हाला ५ नवे संदेश' हा तिचा सापळा. त्यावर क्लिक न करता ब्राउझरच्या सेटिंगमधून तिची परवानगी काढा.

प्रोग्रॅमचं नाव बरोबर असेल तर ब्राउझरमधून थेट सेवा देणाऱ्याच्या साइटवर जाऊन खातं बघा. ही सर्व्हरची साक्ष. तिथे न वाचलेला एकही मेल नसेल आणि प्रोग्रॅम १ म्हणत असेल, तर चूक तुमच्या यंत्रावर आहे. तिथेही १ दिसत असेल तर घंटी खरी आहे, फक्त मेल तुमच्या नजरेला पडत नाही. ही एक तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिने शोधाचं क्षेत्र निम्म्यावर येतं. ती न करता सेटिंगमध्ये शिरणाऱ्यांची मला कीव येते, कारण मीही तेच केलं होतं.

मग घंटीची लय पकडा. दिवसभर ती कधी वाजते ते कागदावर लिहा.

फक्त प्रोग्रॅम सुरू करताना वाजते? मग तो शेवटचा क्रमांक लक्षात ठेवतोय पण बंद होताना लिहून ठेवू शकत नाही. डिस्क भरली आहे का, सूचीच्या फाइलवर लिहायची परवानगी आहे का, अँटिव्हायरस ती फाइल धरून बसला आहे का, हे बघा. प्रोफाइलचं फोल्डर क्लाउडमध्ये सिंक होणाऱ्या जागी ठेवलं असेल तर ते तिथून हलवा. चालू प्रोग्रॅमच्या फाइली मागच्या मागे बदलल्या जाणं कुठल्याच मेल प्रोग्रॅमला मानवत नाही.

ठराविक मिनिटांनी वाजते? मग तपासणीचा कालावधी बदलून बघा, आणि मुद्दाम विचित्र आकडा घ्या: ७ किंवा १३ मिनिटं. घंटीने नवा आकडा पकडला तर दोष प्रत्येक तपासणीत होतोय हे पक्कं. आकडा बदलूनही घंटी जुन्याच तालावर राहिली, तर वाजवणारा कोणी दुसराच आहे.

अर्ध्या तासाच्या थोडं अलीकडे वाजते? ही लय ओळखीची आहे. आयमॅपमध्ये १९९७ पासून 'आयडल' नावाची सोय आहे: प्रोग्रॅमने पुन्हापुन्हा विचारण्याऐवजी सर्व्हरशी संपर्काची ओळ जोडून शांत बसायचं, आणि सर्व्हरने स्वतःहून सांगायचं की फोल्डरमध्ये आता इतके मेल झाले. मात्र बराच वेळ सामसूम राहिलेली ओळ सर्व्हर तोडू शकतो, म्हणून प्रोग्रॅमने निदान दर २९ मिनिटांनी पुन्हा हजेरी लावावी असा दंडक आहे. तुमची घंटी या सुमाराला वाजत असेल तर ओळ तुटून पुन्हा जुळताना हिशेब चुकतोय असा संशय घ्या. 'आयडल' काही दिवस बंद ठेवून बघितलं की उत्तर मिळतं. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर किंवा वायफाय बदलल्यावर वाजणारी घंटीही याच घरातली.

घंटी खरी, मेल गायब

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे प्रोग्रॅमवर उगाच आळ येतो.

समजा मेल आला, घंटी वाजली, आणि पुढच्याच क्षणी तुमच्या यंत्रावरच्या स्पॅम गाळणीने तो उचलून स्पॅममध्ये टाकला. तुम्ही पोहोचेपर्यंत इनबॉक्स स्वच्छ. अपडेटनंतर गाळणी आणि घंटी यांचा क्रम बदलला तर हे नव्याने सुरू होतं. तुम्ही बनवलेले नियम, 'अमक्याचा मेल तमक्या फोल्डरमध्ये टाक' असले, हेही असंच करतात. उपाय म्हणजे नियम शक्यतो सर्व्हरवर, म्हणजे ब्राउझरमधून खात्याच्या सेटिंगमध्ये बनवायचे, म्हणजे मेल प्रोग्रॅमला दिसायच्या आधीच योग्य जागी गेलेला असतो.

दुसरा प्रकार तारखेचा. मेलवर दोन तारखा असतात: एक पाठवणाऱ्याच्या यंत्राने लिहिलेली, दुसरी सर्व्हरवर तो पोहोचला तेव्हाची. पाठवणाऱ्याच्या यंत्राचं घड्याळ दोन वर्षं मागे असेल आणि तुमची यादी पहिल्या तारखेने लावलेली असेल, तर आत्ता आलेला मेल दोन वर्षं खाली जाऊन बसतो. घंटी वाजली, वर काहीच नाही. यादी 'मिळाल्याच्या क्रमाने' लावून बघा. थंडरबर्डमध्ये त्यासाठी वेगळा स्तंभच आहे.

तिसरा प्रकार भुताचा. आयमॅपमध्ये डिलीट दोन टप्प्यांत होतं: आधी मेलवर 'डिलीटेड' चिठ्ठी लागते, आणि नंतर कधीतरी साफसफाई होऊन तो खरोखर जातो. मधल्या काळात मेल तिथेच असतो. प्रोग्रॅम तो लपवतो, पण न वाचलेल्यांची मोजणी करताना त्याला धरलं तर आकडा १ आणि यादी रिकामी. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करण्याची आज्ञा दिली की ही साफसफाई होते.

याखेरीज साध्या गोष्टी आहेतच. यादीवर 'फक्त खूण केलेले दाखवा' असली गाळणी राहून गेलेली असते. संवाद एकत्र बांधून दाखवण्याची सोय चालू असते आणि नवं उत्तर जुन्या धाग्यात मिटलेलं असतं. दुसऱ्याच खात्याच्या तळातल्या फोल्डरमध्ये मेल पडलेला असतो. सगळ्या फोल्डरांत न वाचलेले शोधा. जीमेलच्या शोधपेटीत त्यासाठी खास शब्दप्रयोग आहे, इतर प्रोग्रॅममध्ये 'अनरेड' अशी तयार गाळणी मिळते.

लिनक्सवर टर्मिनल उघडताच 'नवा मेल आहे' असं वाचायला मिळणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे सगळे मेल एकाच फाइलीत असतात, आणि निर्णय फाइलीच्या दोन वेळांवरून होतो: शेवटचा बदल कधी झाला आणि शेवटचं वाचन कधी झालं. बदल वाचनानंतरचा असेल तर नवा मेल. पण डिस्कचा वेग वाढावा म्हणून 'नोएटाइम' हा पर्याय लावला असेल तर वाचनाची वेळ नोंदलीच जात नाही, आणि मेल कितीही वेळा वाचा, शेल, म्हणजे टर्मिनलमधला कमांड वाचणारा प्रोग्रॅम, तेच तुणतुणं वाजवतो. त्याऐवजी 'रेलएटाइम' वापरा. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीपासून तोच मुळातला पर्याय आहे, आणि मटसारख्या प्रोग्रॅमचा हिशेब बिघडू नये याची काळजी त्यात घेतलेली आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमने ती फाइल वाचली तर वाचनाची वेळ पुढे सरकते आणि खरोखर नवा मेल असूनही घंटी वाजत नाही.

दुरुस्ती, आणि हात कुठे आखडायचा

दोष तुमच्या यंत्रावर आहे हे ठरलं की पहिला उपाय सूची पुन्हा बांधण्याचा. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' आहे. ते तुटलेली सूची फेकून नवी बनवतं. आधी प्रोग्रॅम बंद करून अख्ख्या प्रोफाइलची एक प्रत बाजूला काढा. दोष फोल्डरगणिक असतो, तेव्हा इनबॉक्सपासून सुरुवात करून जिथे आकडा खोटा दिसतो तेवढेच फोल्डर घ्या.

फाइली हाताने पुसायचा मोह होतो, तिथे थांबा. थंडरबर्डमध्ये '.एमएसएफ' शेपटीची फाइल ही नुसती सूची आहे, ती गेली तर पुन्हा बनते. पण तिच्याच नावाची, शेपटी नसलेली जी मोठी फाइल शेजारी असते तिच्यात प्रत्यक्ष मेल असतात. पॉप खात्यात त्यांची दुसरी प्रत जगात कुठे नसेलही. आउटलुकमध्ये '.ओएसटी' ही सर्व्हरवरच्या साठ्याची नक्कल आहे, ती पुसली तर पुन्हा उतरते, '.पीएसटी' मात्र खुद्द साठाच असू शकतो. नावं सारखी दिसतात म्हणून सांगतो, एका अक्षराच्या फरकाने माणसांनी दहा वर्षांचे मेल घालवले आहेत.

सूचीने काम झालं नाही तर प्रोग्रॅम 'ट्रबलशूट मोड'मध्ये, म्हणजे जोडलेली सगळी एक्स्टेन्शन्स बंद ठेवून चालवा. घंटी थांबली तर एकेक एक्स्टेन्शन चालू करत जा. मग अँटिव्हायरसची ईमेल तपासणी थोडा वेळ बंद ठेवून बघा, कारण काही अँटिव्हायरस प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून बोलणं ऐकतात आणि नव्या आवृत्तीची भाषा त्यांना कळतेच असं नाही. तरीही सुटलं नाही तर नवं, कोरं प्रोफाइल काढून त्यात तेच खातं जोडा आणि एक दिवस चालवा. तिथे घंटी नीट वाजली तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे.

खातं काढून पुन्हा जोडणं हा उपाय लोक पहिला करतात, मी शेवटचा ठेवतो. आयमॅपमध्ये तो निदान निरुपद्रवी आहे, मेल सर्व्हरवरून पुन्हा येतात. पॉपमध्ये मेल तुमच्याकडेच असतात, त्यामुळे बॅकअपशिवाय खात्याला हात लावू नका. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचंही तसंच. नव्या आवृत्तीने फाइलींची रचना बदललेली असते आणि जुनीला ती वाचता येत नाही. थंडरबर्ड तर नव्याने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला सरळ नकार देतो. परतायचंच असेल तर अपडेटच्या आधीचा बॅकअप हवा, आणि तो असेल तरच परता.

एवढं करूनही कुत्रा भुंकतच राहिला तर दोष खरोखर प्रोग्रॅमचा असण्याचा संभव आहे, आणि तो बनवणाऱ्यांना कळवायला हवा. 'घंटी खोटी वाजते' एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर आलात, खातं आयमॅप की पॉप, घंटी किती मिनिटांनी किंवा कोणत्या प्रसंगी वाजते, त्या वेळी ब्राउझरमध्ये न वाचलेले किती दिसतात, दुसऱ्या खात्यावरून स्वतःला मेल पाठवल्यावर घंटी एकदा वाजते की दोनदा, आणि कोऱ्या प्रोफाइलमध्ये काय होतं, हे सहा-सात ओळींत लिहा. मग निदान समोरून पहिलं उत्तर 'बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का' असं येणार नाही.